पडद्यावरून उठून गेलेली बाई

आधी चूक सांगतो, अनुभव नंतर. उलट क्रमानं सांगितलं की वाचणारे अनुभवातच रमतात आणि सांगणाऱ्याची चूक बाजूला पडते. माझी अशीच बरीच वर्षं बाजूला पडून राहिली.

माझ्या थोरल्या भावाच्या बायकोला, पारूवहिनींना, मी भरल्या गोदामात गावासमोर वेडी ठरवलं. लोकांना हसवायला म्हणून ठरवलं. पुढं त्यांना खरोखरच वेडी म्हणून घराबाहेर काढायची वेळ आली, तेव्हा त्या खोटं बोलत नाहीत हे नक्की माहीत असलेला गावात एकच माणूस होता. तो मी. आणि मी गप्प बसलो.

अद्भुत अनुभवांच्या या सदरात जो तो लिहितो की माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. माझा तर नव्हताच, कारण आमचं घर गोंधळ्याचं. तुळजापूरच्या देवीचा गोंधळ घालणं हे वडिलांचं, म्हणजे आबांचं काम. संबळ, तुणतुणं, दिवटी हे सगळं आमच्या घरात चुलीशेजारी ठेवलेलं असायचं. अंगात आलेली माणसं मी लहानपणापासून पाहिली, आणि अंगातलं गेल्यावर त्यांना सगळ्यात आधी आपल्या चपलांची आठवण होते हेही पाहिलं. त्यामुळे भीती कधी वाटली नाही. पुढं सोलापूरला कॉलेज केलं, मग तर विचारूच नका... आबांचा गोंधळ मला मागासलेला वाटायला लागला होता.

आमचं गाव जळकोटपासून पायी पाऊण तासावर. गावाच्या पूर्वेला सोसायटीचं गोदाम — दगडी भिंती, वर पत्रा, दोन टोकांना दोन दारं. मागच्या दारानं बाहेर पडून दोन वावरं ओलांडली की आमची विहीर. गोष्ट एवढ्याच जागेत घडते. बहात्तरच्या दुष्काळाला तेव्हा सहा-सात वर्षं झाली होती. मधली दोन वर्षं बरी गेली आणि मग पुन्हा पावसानं ओढ दिली. मी सोसायटीत हंगामी क्लार्क होतो, कायम होण्याची वाट पाहत.

वहिनींचं सांगतो. मोठ्या दुष्काळात त्या खडीच्या कामावर जायच्या. टँकर यायचा तो आमच्या विहिरीत पाणी ओतायचा आणि मग बायका ते शेंदून न्यायच्या. वहिनी कामावरून सुटून येईपर्यंत तळ खरवडलेला असायचा. तरी त्या पोहरा सोडायच्या. दुष्काळ सरला, कामावर खायला मिळणारी सुकडी बंद झाली, सगळे आपापल्या कामाला लागले. वहिनींची ती वेळ मात्र राहून गेली. रोज दुपारी दोनच्या सुमाराला त्या दोर आणि पोहरा घेऊन विहिरीवर जायच्या. विहिरीत पाणी असो वा नसो. पोहरा सोडायच्या, तळाला टेकला की थोडा वेळ कान देऊन उभ्या राहायच्या, मग ओढून घ्यायच्या. असं चार-पाच वेळा. विचारलं तर म्हणायच्या, "खाली पानी हाय. बोलतंय ते. वर यायला येळ लागतोय."

एवढंच. बाकी भाकरी, शेण-गोठा, सहा वर्षांची लेक मंगल — सगळं नीटनेटकं. गावानंही त्याला नाव ठेवलं नव्हतं. पारूवहिनी दोर घेऊन निघाल्या की लोक म्हणायचे, "दोन वाजले रं." हॉटेलवाला त्यांना बघून दुपारच्या चहाचं आधण ठेवायचा. गावात घड्याळं थोडी होती, आणि असलेली वहिनींवर लावून घेतली जायची.

सोलापूरला असताना मी तिथल्या फिल्म सोसायटीत जायचो. परदेशी चित्रपटांची रिळं डब्यांतून गावोगाव फिरायची. एकदा एक फार जुना जपानी चित्रपट आला — मुका, आणि मध्ये वाचायला पाट्यासुद्धा नाहीत. एका बाईचं मन फिरतं एवढीच गोष्ट. आमच्या प्राध्यापकांनी त्यावर तासभर सांगितलं. म्हणाले, वेडाचं सोंग सगळेच दाखवतात — केस मोकळे, डोळे गरगर. या दिग्दर्शकानं तसं केलं नाही. त्यानं कॅमेराच त्या बाईच्या डोक्यात नेऊन ठेवला. बाई घरात एकटी ओलं कापड घडी करत बसलेली असते तेव्हा चित्र शांत असतं. माणसं आली की भिंती सरकायला लागतात, एका चेहऱ्यावर दुसरा चेहरा येतो, तीच घडी तीन बाजूंनी पुन्हापुन्हा दिसते, सगळ्यावर पाण्याची सावली हलते. मी वहीत लिहून घेतलं होतं. 'एकटी — स्थिर. लोक — थरथर.' वही अजून आहे. लिहून घेतलेलं कळलेलं असतंच असं नाही.

प्राध्यापकांनी आणखी एक सांगितलं. त्या काळी जपानात पडद्याशेजारी एक माणूस उभा राहायचा आणि मुक्या चित्रपटाची गोष्ट बोलून दाखवायचा. लोक चित्रपटापेक्षा त्या माणसाच्या नावावर यायचे. ऐकून मला हसू आलं. हे तर आमच्या आबांचं काम.

आपणही असंच पडद्याशेजारी उभं राहून बोलावं, हे माझ्या डोक्यात तेव्हापासून घोळत होतं. सोसायटीची वार्षिक सभा आली आणि संधी मिळाली. सभेला माणसं यायची नाहीत, आली तर कोरम होईपर्यंत टिकायची नाहीत. मी चेअरमनना म्हटलं, "सभा झाल्यावर सिनेमा दाखवू. माणूस हलणार नाही."

"कसला शिनेमा?"

"जपानी आहे."

"मारामारीचा का?" चेअरमन खूश झाले. "मग आन की. पर सभेच्या आधी न्हाय दाखवायचा, सांगून ठेवतो. ठरावाला हात वर झाले की मगच."

तो चित्रपट पुन्हा सोलापूरला आला होता, आणि दुसरीकडे जाण्याआधी मधले दोन दिवस रिकामे होते. डबे मी एस.टी.तून मांडीवर घेऊन आलो. मशीन उमरग्याच्या युसूफभाईंचं. सोळा एमएमचं मशीन घेऊन ते लग्नातून, उरुसातून फिरायचे. गोदामाच्या झरोक्यांना पोती लावली, दोन्ही दारं आतून कड्या घालून बंद केली, धोतरं जोडून शिवलेला पडदा बांधला. ठराव एकमतानं मंजूर झाले. दुपारचे पावणेदोन वाजले असतील. वर पत्रा तापलेला, खाली खताचा वास, दीड-दोनशे माणसं मांडी घालून. पडद्याच्या डाव्या बाजूला मी उभा.

सुरुवात चांगली केली होती मी. दूर देश, लाकडाचं आणि कागदाचं घर, दाराबाहेर पायरीवर काढून ठेवलेल्या लाकडी चपला. एक चप्पल कलंडलेली, त्यामुळे तिच्या तळाच्या दोन आडव्या पट्ट्या दिसायच्या. आत बसलेली बाई. गोरी, बारीक डोळ्यांची, केस ओले. दात काळे रंगवलेले — तिकडच्या लग्न झालेल्या बायकांची जुनी रीत. ती कापडाची घडी करते, उलगडते, पुन्हा घडी करते.

पाच मिनिटांत चुळबुळ सुरू झाली.

"दत्ता, ही धुनं वाळत घालनार हाय का न्हाय आज?"

"मारामारी कवा हाय?"

"आरं, तिला म्हनावं उनात टाक, वाळंल लगेच. हितं कुठं पाऊस हाय."

चेअरमन माझ्याकडे मान वळवून बघत होते. आणि अशा वेळी गोंधळ्याचं पोर जे करतं तेच मी केलं.

आबांची एक युक्ती होती. आख्यान सांगताना लोक पेंगायला लागले की ते मध्येच गावातल्या कुणाचं तरी नाव घालायचे. राणी रुसली, ती कशी रुसली? आपल्या वाण्याच्या मालकिणीवानी रुसली. सगळा मांडव जागा व्हायचा. पण त्या युक्तीला आबांनी स्वतःपुरता एक नियम घालून घेतला होता. ज्याच्या नावावर हसवलं, त्याला गोंधळ संपायच्या आत सगळ्यांसमोर पुढं बोलवायचं आणि पेटती दिवटी त्याच्या हातात द्यायची. मग त्याला सगळ्यांनी हात जोडायचे. आबा म्हणायचे, "मानसाचं नाव उसनं घेतो आपुन. परत द्यावं लागतं."

मला युक्ती आठवली. नियम आठवला नाही.

मी आवाज चढवून म्हणालो, "मंडळी, ही कोण बाई वळखली का? आवं, ही आपली पारूवहिनी. हिरीत पानी न्हाय तरी पोहरा सोडती, तशी ही कापड वाळलं तरी पिळती. डोक्यातला पेच ढिला झाला की समदा मुलूख सारखाच, जपान काय अन् जळकोट काय."

गोदाम हसलं. असं हसलं की पत्रा वाजला. माझा भाऊ, शंकरदादा, चौथ्या ओळीत बसला होता. तोही आधी हसला, मग आजूबाजूला बघून थांबला. मी तेही पाहिलं. पण तोंडाला गोडी लागली होती. मी पुढं बोलतच राहिलो. बाईनं मान हलवली, मी म्हणालो, "बघा, पानी बोलतंय." पुन्हा हशा.

तेव्हा ती थांबली.

पडद्यावरची बाई. हातातली घडी तिनं मांडीवर ठेवली आणि डावीकडे पाहिलं. डावीकडे मी होतो. चित्रपट मी सोलापूरला एकदा पाहिलेला होता, त्यामुळे मनात आलं, हे आपण विसरलो वाटतं. रागानं नाही पाहिलं तिनं... शेजारच्या घरातला गलबला ऐकून माणूस बघतं ना, तसं. मग ती उठली, पायरीवर आली, चपला पायात घातल्या आणि माझ्या बाजूनं पडद्याबाहेर चालत गेली.

ओल्या धुण्याचा वास आला. खताच्या वासातून अगदी स्वच्छ. माझ्या डाव्या दंडाला गारवा लागला आणि गेला.

पडद्यावर रिकामी खोली राहिली. कागदी भिंती, जमिनीवर कापड, आणि त्यावर हलणारी पाण्याची सावली. पायरीवर चपला नव्हत्या. भिंती सरकत नव्हत्या, काही थरथरत नव्हतं. कितीतरी वेळ. गोदामही शांत होत गेलं, एक म्हातारा तर हात जोडून बसला. मग कुणीतरी विचारलं, "बाई कुठं गेली रं?" आणि मी, अजूनही माझ्याच तोऱ्यात असलेला मी, म्हणालो, "कुठं जाणार, दोन वाजले. हिरीवर गेली."

शेवटचा हशा झाला आणि पहिलं रीळ संपलं.

मशीन तापलं होतं. युसूफभाई म्हणाले, "दस मिनट ठैरो, दिवा थंडा होने दो." मी मागच्या दाराची आतली कडी काढली आणि बाहेर पडलो. हशा विहिरीपर्यंत ऐकू गेला असेल का, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. बाहेर ऊन इतकं पांढरं होतं की वावरं, बांध, लांबची बाभूळ सगळं त्यात विरघळल्यासारखं दिसत होतं. मी चालतोय की ते सगळं माझ्याकडे सरकतंय हे कळेना.

वहिनी काठावर उभ्या होत्या. दोर हातात.

"भावजी, शिनेमा संपला व्हय?"

"नाही, मध्येच आलो. तुम्ही एकट्याच?"

"आत्ता एकटी. मगाशी ती बाई व्हती की."

"कोण?"

"वळखीची न्हाय. गोरी व्हती, बारीक डोळ्यांची. क्यास वले. दात काळे, पर मिश्रीचे न्हवं, रंग दिल्यावानी. लाकडाच्या चपला घालून आली, टकटक टकटक. हितं बसली." त्यांनी कठड्यावर हात ठेवला. "म्या पोहरा सोडला, तर तिनंबी दोराला हात लावला. दोघींनी सोडला."

मी विचारलं, "काय म्हणाली?"

"बोलली कुठं. पर कळलं. म्हनली, तिकडं एक मानूस लई बोलतुया. त्याच्यापायी पानी ऐकू येत न्हाय. म्हून हिकडं आले." वहिनी किंचित हसल्या. "मग ऐकलं आमी दोघींनी. भावजी, घाम किती आलाय तुमाला. सावलीला बसा."

मी खाली पाहिलं. कठड्याजवळच्या फुफाट्यात दोन-दोन आडव्या रेघांचे ठसे होते. मी आलो त्याच वाटेनं, गोदामाच्या बाजूनं आलेले. काहींवर माझ्या चपलेचा ठसा पडला होता. परत जाणारेही होते, ते नीट होते. वहिनींच्या हातातला दोर सबंध कोरडा होता, मध्ये एक वीतभर जागा सोडून. तिथं बोट लावलं, ते ओलं झालं. विहिरीत त्या दिवशी चिखलसुद्धा नव्हता.

दारं आतून बंद होती. माझ्याआधी कुणी बाहेर पडलं नव्हतं. आणि वहिनींनी जन्मात जपानी बाईचं चित्रसुद्धा पाहिलं नव्हतं.

मी परत गेलो. दुसऱ्या रिळात बाई होती, घडी घालत. मी फारसं बोललो नाही. लोकांना वाटलं, घसा बसला.

सकाळी युसूफभाईंना पुन्हा पहिलं रीळ लावायला सांगितलं. गोदामात आम्ही दोघंच. बाई पहिल्या चित्रापासून शेवटच्या चित्रापर्यंत बसलेली होती. मान वळवत नाही, उठत नाही. चपला पायरीवर, एक कलंडलेली. रिकामी खोली कुठंच नाही. युसूफभाईंनी रीळ उलटं फिरवलं, हातानं उजेडात धरून बघितलं. सांधलेला तुकडासुद्धा नाही.

"काल खोली रिकामी होती ना, युसूफभाई?"

ते डबा पुसायला लागले. "हौ. म्यै भी देख्या," ते म्हणाले. "पन अब नक्को पूछो. मेरेकू ये धंदा करना है."

एवढाच अनुभव. आता चुकीकडे येतो.

त्याच सभेच्या संध्याकाळी आबांनी विचारलं होतं, "पारूचं नाव घेतलंस म्हनं. दिवटी दिलीस का?"

"आबा, सिनेमात दिवटी कुठली?"

"उजेड व्हता न्हवं?" एवढंच म्हणून आबा उठून आत गेले.

गावानं वहिनींना 'जपानी' म्हणायला सुरुवात केली. दुपारी दोनला माणसं विहिरीवर जमायला लागली. आधी थट्टेनं, मग नुसती बघायला. "वहिनी, आज काय म्हनतंय पानी?" "जपानहून कोन आलं का?" हॉटेलवाला म्हणायचा, "चला, मॅटिनी सुरू झाली." वहिनींना काही ऐकू येईना. त्या लोकांना "गप बसा, गप बसा" म्हणायला लागल्या, मग ओरडायला लागल्या. एक दिवस त्यांनी पोहरा फेकून मारला आणि चेअरमनच्या पुतण्याचं कपाळ फुटलं. सहा-सात वर्षं त्या एकट्या उभ्या राहायच्या तेव्हा सगळं स्थिर होतं. माणसं आली आणि थरथर सुरू झाली. वहीतलं वाक्य मला तेव्हा कळलं.

आणि घरात त्या एकच सांगत होत्या. ती बाई आली होती, माझ्यासंगं दोर धरला होता. लोकांच्या दृष्टीनं हा शेवटचा पुरावा झाला; हिला पुण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात धाडा, असं ते दादाला सांगायला लागले.

एका संध्याकाळी दादानं मला गोठ्यात बोलावलं. मंगल त्याच्या खांद्यावर झोपली होती.

"दत्ता, तू शिकलेला. म्या एकच इचारतो. ती जी बाई सांगती, ती शिनेमातल्या बाईवानी तंतोतंत हाय. हिला ते कुनी सांगितल्याबिगर कळंल का? कुनीच सांगितलं नसंल तर... तर मग म्या हिला कुठं धाडनार न्हाय. लोक काय म्हनायचं ते म्हनू देत."

याहून सरळ प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नाही. मला फक्त सांगायचं होतं, दादा, सिनेमा संपायच्या आत, गोदामातून कुणी बाहेर पडण्याआधी मी तिथं गेलो होतो, आणि तेव्हाच वहिनींनी मला ती बाई सांगितली. पण मग रेघांचं सांगावं लागलं असतं, ओल्या दोराचं, रिकाम्या खोलीचं. पुढच्याच आठवड्यात मला कायम करण्याचा ठराव होता. गावात दुसरा 'जपानी' मी झालो असतो. मी गोंधळ्याचा पोरगा, गोंधळाला हसणारा.

"लोकांनीच सांगितलं असणार," मी म्हणालो.

दादानं मान हलवली. पुण्याच्या इस्पितळासाठीचा अर्ज त्यानं मलाच लिहायला सांगितला. 'अस्तित्वात नसलेल्या स्त्रीशी संभाषण करते' हे वाक्य माझं आहे. सोसायटीचे ठराव लिहून लिहून माझी भाषा चांगली झाली होती.

हायवेवर एस.टी.ची वाट बघत उभे होतो. वहिनींच्या हातात बोचकं होतं. मंगलला मुद्दाम घरी ठेवलं होतं. वहिनी रडल्या नाहीत. मला जवळ बोलावून हळू विचारलं, "भावजी, ती बाई नीट गेली का हो परत? चुकली तर न्हवती वाट?"

मी म्हणालो, "नीट गेली." त्या क्षणी मी पहिल्यांदा खरं बोललो, आणि ते त्यांच्याशिवाय कुणी ऐकलं नाही.

वर्षभरानं त्या परत आल्या. तिथल्या डॉक्टरांनी त्यांना नीट वागवलं, मी कुणाला दोष देत नाही. पण आल्या त्या हळू चालणाऱ्या, सांगितलं तेवढंच करणाऱ्या. विहिरीवर पुन्हा कधी गेल्या नाहीत. मंगल त्यांना आधी परक्या बाईला मारावी तशी 'अवं' म्हणून हाक मारायची, आई म्हणायला तिला बराच काळ लागला. गावाला दोन वाजलेले कळेनासे झाले.

मी कायम झालो. आबा गेले. चित्रपटाबद्दल मी पुढं पुष्कळ शोध घेतला, पत्रं लिहिली, पुण्यात एकदा तोच चित्रपट लागला तेव्हा जाऊन दोनदा पाहिला. बाई उठत नाही. उष्णतेनं भ्रम झाला म्हणावं तर रिकामी खोली गोदामभर लोकांनी पाहिली — अजूनही जुनी माणसं सांगतात, "ती बाई निघून गेली तो शिनेमा." एकाच्या मनातलं दुसऱ्याच्या मनात पोचतं म्हणावं तर रेघांचं काय? शोधणं मी थांबवलंय, कारण माझ्या लक्षात आलं की उत्तर शोधत होतो तोवर माफी मागायचं टळत होतं.

मंगलचं लग्न ठरलं. घरचा गोंधळ घरच्यानंच घालायचा; दादा मुलीचा बाप म्हणून यजमान, त्यामुळे आबांनंतर मी उरलो. पंधरा दिवस चुलतभावाबरोबर संबळाचा ठेका बसवला. त्या दिवशी दिवेलागणीला अंगणात चौक भरला, दिवटी पेटवली. सोयरे, गाव, चेअरमनचा तो पुतण्या, सगळे होते. वहिनी दाराशी, बायकांच्या मागं, भिंतीला टेकून बसल्या होत्या. दादा खांबाजवळ उभा होता.

आख्यान अर्ध्यावर आलं. राणी वनात एकटी निघाली. चुलतभावानं रिवाजाप्रमाणे विचारलं, "मग म्होरं काय झालं?"

मी तुणतुणं खाली ठेवलं.

त्याला वाटलं, मी विसरलो. त्यानं पुन्हा विचारलं, "म्होरं काय झालं, सांगा की."

मी दिवटी उचलली आणि बायकांमधून वाट काढत दाराशी गेलो. वहिनींनी आधी पदर सावरला, मग दादाकडे पाहिलं. मी त्यांच्या हातात दिवटी दिली. संबळ थांबलं होतं, त्यामुळे मला मोठ्यानं बोलावं लागलं नाही.

"वहिनी, गोदामात मी तुमचं नाव घेऊन लोकांना हसवलं. ते परत द्यायचं राहिलं. तुम्ही सांगितलेली बाई कुणी तुम्हाला सांगितली नव्हती. ती आमच्यासमोर पडद्यावरून उठून गेली होती, आणि खेळ संपायच्या आत मी तिची पावलं विहिरीवर पाहिली. दोराला हात लावून पाहिला, तो ओला होता. दादानं विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. तुमचं वर्ष गेलं, मंगलची आई गेली, ते माझ्यामुळे. तुम्ही वेड्या नव्हता, आणि मला ते ठाऊक होतं. या सगळ्यांसमोर पाया पडतो. मला माफ करा."